गाडी बंद पडत नाही

१० ऑगस्ट, रविवार

नवी वही उघडली की आधी घरादाराची विचारपूस, मग बाकीचं. ही जुनी खोड. तर, सौ. कशी आहे? गुडघा पावसाळी हवेत कुरकुरतो, पण तोंड ठणठणीत. नितीन? चाकणला कंपनीत शिफ्ट बदलली की पोराचं पोट बिघडतं. ताक पी म्हटलं तर म्हणतो, बाबा, कँटीनमध्ये ताक कुठलं. सूनबाई मनीषाची मान धरलेली. दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसायचं, दुसरं काय होणार. चिऊ, आमची नात, पहिलीत गेली. पुढचा दात पडला तो तिने कुंडीत पुरला आणि वर पाणी घातलं. उगवायची वाट बघतेय. रशीद घरचाच, म्हणून त्याचंही लिहितो: साखर वाढलीय, जिलबी सुटत नाही. चाकणला त्याच्या गॅरेजच्या शेजारीच हलवाई, तो तरी काय करेल.

आणि मी? डावा हात सोडला तर घोड्यासारखा.

हाताचं दुखणं जुनं. कंपनीत प्रेस-शॉपमध्ये होतो, तिथे पत्रा दाबायच्या मशीनखाली चेमटला होता. तेव्हा भागलं, आता म्हातारपणी बोटं मिटेनाशी झाली. क्लच दाबवेना म्हणून मोटरसायकल सुटली. मोटरसायकल सुटली म्हणजे काय सुटलं, ते ज्याचं त्याला माहीत. गेल्या महिन्यात नितीनने ही दुसरी मोटरसायकल आणली. ओळखीतला कोणी परदेशी निघाला, त्याची. हातात क्लच नाही, पायात गिअर नाही. सौ. तिला रेडा म्हणते. आकार बघता चूक नाही. मी म्हटलं, आळंदी इथून हाकेवर, तिथल्या माउलींनी रेड्याकडून वेद वदवले होते; हा निदान आपले गिअर आपण टाकतो. ती म्हणाली, "यमाकडं बी त्योच हाय की."

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी तळेगावातून इंदोरीपर्यंत चक्कर. रस्ता ओला, हवा गार. डाव्या हाताला काम नाही, डाव्या पायाला नाही. पहिले काही दिवस दोघंही सुट्टीवर गेलेल्या कामगारासारखे अस्वस्थ. हात उगीच क्लच शोधायचा, पाय उगीच हलायचा. आता शहाणे झालेत.

मॅन्युअल इंग्रजी. मोबाईलवर शब्द बघत बघत वाचलं. सातवीपुढचं माझं सगळं शिक्षण असंच झालंय. आत क्लच दोन आहेत. एक पहिला-तिसरा-पाचवा सांभाळतो, दुसरा मधले. म्हणजे एका चुलीवर दोन जावा: एकीची भाकरी तव्यावर असते तोवर दुसरीची थापून तयार. मध्ये खंड नाही. म्हणून धक्काही बसत नाही. लोण्यातून सुरी जावी तशी जाते.

उजव्या मुठीपाशी बटण. एन म्हणजे उभी. डी म्हणजे चला. डी-वर असताना मूठ पिळली की ती निघालीच, तुम्ही तयार असा वा नसा.

नितीनने हेच पहिल्या दिवशी घोकून घेतलं माझ्याकडून. उभ्या गाडीला रेस द्यायची नाही, बाबा. उभी राहिली की एन. मी म्हटलं, होय मास्तर.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

चाकणला गेलो. कांदे घ्यायचे होते, रशीदलाही भेटायचं होतं. नेहमीप्रमाणे ट्रेलरांची रांग, कंपन्यांच्या बसा, मधून दुचाक्या मुंग्यांसारख्या.

एक गोष्ट लिहून ठेवतो. इंद्रायणीचा पूल आठवतो. पुलावर डाव्या बाजूला कोणी गाळ काढत होतं, तेही आठवतं. त्यानंतर रशीदच्या गॅरेजचं शटर. मधला रस्ता नाही. म्हणजे रस्ता होता, मी त्यावरून आलो, कांद्याची पिशवीसुद्धा मागे बांधलेली. म्हणजे बाजारातही गेलो होतो. भावही केला असणार. सौ.ची शपथ, काही आठवत नाही.

रशीदला सांगितलं. तो हात पुसत हसला. "चाकणच्या रस्त्यावर शुद्धीत कोण असतं राव? शुद्धीवर राहिला तर माणूस वेडा होईल." मग जिलबी मागवली. मीही हसलो. विचारात गुंग असेन.

कांदे मात्र उत्तम निघाले. निवडून घेतलेले दिसतात.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काल गणपती बसले. घर भरलेलं. मोदक सौ.ने केले, कळ्या मनीषाने पाडल्या, चिऊने खाल्ले.

आज सकाळी चहा पिताना चिऊ सगळ्यांना सांगत होती, "आजोबा स्टॅच्यू फार भारी करतात. मी ओव्हर म्हटलं तरी हलत नाहीत." नितीन म्हणाला, अगं त्यांना ऐकू कमी येतं. सगळे हसले.

मी तिच्याबरोबर स्टॅच्यू खेळलो नव्हतो. माझ्या कपातला चहा गार झालेला, वर साय धरलेली. आता ओतला होता ना?

सौ. हसली नाही. कप उचलून आत गेली आणि चहा गरम करून आणला.

९ सप्टेंबर, मंगळवार

चाकण चौक. आज जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

रांगेत उभा होतो. पुढे टेम्पो. मग मागून हॉर्न, एक नव्हे, दहा दिशांनी. टेम्पो पुढे नाही. रस्ता लांबवर मोकळा आणि मी भर चौकात एकटा, खांबासारखा. गाडी चालूच, डी-वर, पायाखाली हलकी गुरगुर. शेजारी ट्रेलर येऊन थांबला, ड्रायव्हर खिडकीतून वाकून म्हणाला, ओ काका, झोपला काय? घरी झोपा ना. वाईट बोलला नाही, चेहरा घाबरलेला होता त्याचा. मी मूठ पिळली, गाडी मुकाट्याने निघाली.

पुढे जाऊन कडेला लावली आणि बटण एन-वर केलं. भीती चौकाची नव्हे. सुचलं त्याची.

जुनी गाडी असती तर? क्लचवरचा हात ढिला पडला असता, गाडी धक्का देऊन बंद पडली असती. मी दचकून जागा झालो असतो, लोकही हसले असते, आणि घरी कळलं असतं की म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलंय. ही बंद पडत नाही. मी हजर आहे की नाही, हे विचारत नाही. मी नसलो तरी ती तितकीच गुळगुळीत चालते. माझं दुखणं हिच्यामुळे झाकलं जातंय.

ज्या गुणासाठी आणली तोच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सौ.चा गुडघा दाखवायला दवाखान्यात. खरं तर मी माझं विचारायला गेलो होतो. घरून निघताना तोंडात शब्द जुळवून ठेवले होते. डॉक्टरीणबाई पोरीसारखी, गोड. तिनेच विचारलं, आजोबा, तुमचं काय? अजून ती मोठी मोटरसायकल चालवता म्हणे. सौ. माझ्याकडे बघत होती.

माझं काय, उत्तम, म्हणालो.

परत येताना ती मागे बसली होती. नेहमी खांद्यावर हात ठेवते. आज कंबरेला मिठी. तळेगावात एवढ्या वर्षांत अशी कधी बसली नाही, लोक काय म्हणतील म्हणून. आणि वाटभर बोलत होती. सोयाबीन काय, मनीषाची मान काय, शेजारणीची मांजर काय. गप्प म्हणून बसली नाही. मी 'हं' म्हणायला उशीर केला की पाठीत बोट टोचायची.

मॅन्युअल पुन्हा वाचलं. तेल, चेन, टायर, बॅटरी. गाडीला काय काय होऊ शकतं ते सगळं आहे. चालवणाऱ्याचं नाही. ते कंपनी का लिहील.

२५ सप्टेंबर, गुरुवार

आज लिहायला हात उचलत नाही, पण लिहितो.

चिऊच्या शाळेची व्हॅन आली नाही. नितीन शिफ्टला गेलेला, मनीषाची मीटिंग. बाबा, जरा सोडता का? मी नाही म्हणायला हवं होतं. 'हो' आधी बाहेर पडलं. चिऊ पुढे की मागे यावरून भांडण, शेवटी मागे, माझ्या कमरेला ओढणीने बांधून.

शाळेच्या फाटकात उतरवली. दप्तर पाठीवर चढवताना म्हणाली, "आजोबा, मी किती वेळ हाक मारत होते. तुम्ही रागावलात का?"

नाही ग राजा.

कुठून कुठपर्यंत हाक मारत होती, हे विचारायचा धीर झाला नाही. मध्ये स्टेशनकडचं वळण आहे, मालट्रक तिथेच वळतात.

घरी आलो. किल्ली तांदळाच्या डब्यात खोल पुरली. आता शिवायची नाही. नितीनला सांगायचंच. आज सांगितलं असतं, पण पोरगं खंडेनवमीची तयारी करतंय, नव्या गाडीची पहिली पूजा म्हणून झेंडूची ऑर्डर दिलीय. सणाच्या तोंडावर घरात दगड कशाला टाका. पूजा होऊ दे, मग सांगतो. पाच-सहा दिवसांचा तर प्रश्न. किल्ली डब्यात आहे.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.

सौ. दवाखान्यात आहे. पाय. नडगीचं हाड.

नीट लिहू. नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल.

आमच्या घरची रीत अशी की यंत्राची पूजा झाली की यंत्राने ओ दिली पाहिजे. वडील विहिरीवरच्या इंजिनाला कुंकू लावायचे आणि लगेच चालू करून एकदा मोठ्याने गरजवायचे. देवीने हाक मारली, यंत्राने ओ दिली. मुकं राहिलं तर वर्ष वाईट. प्रेस-शॉपमध्येही मी हेच करायचो, पोरं हसायची आणि दुसऱ्या वर्षी तीच मागे उभी राहायची. आजवरच्या प्रत्येक मोटरसायकलला खंडेनवमीला मी रेस दिलीय. डाव्या हाताने क्लच दाबून, उजव्याने मूठ पिळून.

किल्ली मीच डब्यातून काढून दिली. अंगणापुढे आणायची म्हणून मीच बसून आणली, चार पावलं. थांबलो. पाय दोन्हीकडे टेकलेले. नितीन मोबाईल धरून उभा, मनीषाच्या हातात हार. सौ. पुढच्या चाकाशी वाकून मडगार्डला कुंकू लावत होती. चिऊ तिच्या शेजारी घंटा वाजवत. निरांजन दिसलं. ज्योत उभी, वारा नव्हता.

मग सौ. जमिनीवर. गाडी आडवी तिच्या पायावर. ताट लांब, तांदूळ सगळीकडे. नितीन गाडी उचलतोय. चिऊ भिंतीला चिकटलेली, घंटा हातात घट्ट.

ज्योत आणि हे, या दोघांच्या मधलं मला काही आठवत नाही.

चिऊला ओरखडाही नाही. वीतभर अंतर असेल.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. सोनं वाटायला लोक दवाखान्यातच आले. उद्या ऑपरेशन, सळई घालणार.

जो येतो तो गाडीला शिव्या देतो. शेजारचे म्हणाले, ही आटोमॅटिक भानगडच वाईट, आपोआप पळते. मनीषा म्हणाली, मी आधीच सांगत होते. नितीन माझ्या पायाशी बसून रडला. बाबा, मीच आणली, माझी चूक. चाळिशीला आलेला पोरगा. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच वेळी बोलायला हवं होतं.

व्हिडिओ आहे त्याच्याकडे. सगळे त्यात गाडीच बघतात.

६ ऑक्टोबर, सोमवार

ऑपरेशन पार पडलं. सौ. गुंगीत चिडचिड करते, म्हणजे बरी आहे.

गाडी नितीनने टेम्पोत घालून रशीदकडे नेली. मीही गेलो. नितीन म्हणाला, चाचा, खोट काढा, कंपनीला नोटीस देतो. रशीद एवढा मोठा मिस्त्री, पण म्हणाला, ही माझ्या बुकातली गाडी नाही; तरी बघतो. पिंपरीहून त्याने ओळखीचा एक जाणकार बोलावला, त्याने लॅपटॉप लावला. खोट नाही. गाडी डी-वर होती, मूठ पूर्ण पिळली गेली, गाडी निघाली. जे करायचं तेच तिने केलं.

नितीनला ते पटलं नाही. म्हणाला, बाबांना मी पन्नासदा बजावलंय, ते पिळणारच नाहीत.

तो पाणी आणायला गेला तेव्हा रशीद जवळ आला. कांद्याच्या दिवसाची आठवण काढली. मी हसून टाकलं होतं राव, आता हसू येत नाही, म्हणाला. मग विचारलं, "हात सवयीने गेला, का तू तिथं नव्हतास?"

मला खरंच माहीत नाही. रीतीने पिळली असेल, डावा हात क्लच दाबल्यासारखा मिटलाही असेल. किंवा मी नसताना हातानेच रीत पाळली. हेच त्याला सांगितलं.

तो म्हणाला, दोन्हींत फरक नाही. नितीनला सांग. परवा मी मिरजेला निघालोय, पोरीचं बाळंतपण आहे. परत आल्यावर मलाच सांगावं लागू नये.

१२ ऑक्टोबर, रविवार

सौ. घरी आली. पुढच्या खोलीत पलंग टाकलाय. चिऊ तिच्या पायाच्या पट्टीवर फुलं काढते.

दुपारी नितीन-मनीषा बाहेर गेले होते. मी डाळिंब सोलून देत होतो. ती दाणे खात खात, सहज बोलावं तसं बोलली.

"तुमी माझ्याकडं बघत हुता. पर मी तुमाला दिसत न्हवते. म्या वळखलं आन् पोरीला ढकाललं."

म्हणून चिऊ भिंतीशी होती. आणि म्हणून हिला स्वतःला हलायला वेळ मिळाला नाही.

मी विचारलं, नितीनला का नाही सांगितलंस?

"तुमी सांगाल म्हून थांबलीया. नवऱ्याचं गाऱ्हाणं लेकाकडं कशी करू? पर लई दिस न्हाई थांबायची." मग म्हणाली, पापुद्रे नीट काढा, दातात अडकतात.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

नितीनने बातमी दिली. रेडा विकला. त्याच्या जागी चारचाकी येणार. धनत्रयोदशीला घरी आणायची.

तिलाही क्लच नाही. मुद्दाम तशी घेतली, माझ्या हातासाठी. बाबा, दोन चाकांवर तोल जातो, चार चाकांना कसली भीती. आईला तपासणीला नेता येईल. आणि दिवाळीची सुट्टी संपली की चिऊला शाळेत तुम्हीच सोडा, त्या व्हॅनवाल्याचा काही भरवसा नाही. मनीषाचे डोळे भरून आले होते. तिला वाटतं, गाडी गेल्याने मी खचलोय, म्हणून दोघांनी मिळून हे ठरवलं. एवढी माया. माझ्या तोंडातून शब्द फुटेना तर दोघांना वाटलं, आनंदाने.

चिऊ मागच्या सीटवर कोणती बाहुली कुठे बसणार ते ठरवतेय.

सौ.ने माझ्याकडे बघितलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

आज सकाळी दाढी करताना अर्धा गाल तसाच राहिला होता. फेस सुकलेला.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस.

गाडी उद्या येणार. मनीषाने दारात रांगोळी काढलीय, चाकं येतील तेवढी जागा सोडून.

दिवसभरात तीनदा नितीनपुढे जाऊन बसलो. एकदा त्याने चष्मा पुसून दिला. एकदा म्हणाला, बाबा, पूजेला रेस द्यायची नाही हं आता, आणि स्वतःच हसला, मला बरं वाटावं म्हणून. तिसऱ्यांदा मी सुरुवात केली होती. 'नितीन, त्या दिवशी' इथपर्यंत आलो. तो म्हणाला, नको बाबा, तो विषयच नको, तुमची काही चूक नव्हती. आणि उठून गेला.

ज्याला ऐकायचंच नाही त्याला कसं सांगायचं, हे कुठल्या पुस्तकात वाचून शिकू?

शेवटी रशीदला मिरजेच्या पत्त्यावर लिहिलं. फोनवर हे बोलता येत नाही, रडू येईल. इथे उतरवून ठेवतो, म्हणजे पाठवलं की नाही, काय लिहिलं, याबद्दल मला मागाहून शंका नको.

"भाई रशीद, लेक आणि बाळ सुखरूप असतील. तुझी साखर कशी आहे? इकडे सौ. काठी धरून उभी राहिली. नितीन आणि मनीषा चांगले आहेत, फार चांगले आहेत, तीच अडचण आहे. चिऊ मजेत. माझं अजून सांगून झालेलं नाही. उद्या चारचाकी येतेय आणि किल्ली माझ्या हातात देणार आहेत, सगळ्यांसमोर. मी ती घेणार नाही असं ठरवलंय. पण त्या क्षणी मी तिथे असेन का, याची खात्री मी कोणाला देऊ? तू नितीनला फोन कर. किंवा मला सांग, पहिलं वाक्य कोणतं बोलू. पुढचं मी बोलेन. शाळा सुरू व्हायच्या आत कळव. लवकर लिही, राव."

पाकीट चिकटवलंय. पोस्टाची पेटी कोपऱ्यावर आहे. चिऊ म्हणतेय, आजोबा, मी येते तुमच्याबरोबर, हात धरून.